हीटरजवळचा बाक

“हलू नका, अजिबात हलू नका, आहात तशाच बसा” — म्युझियमच्या त्या लांबलचक दालनात शिल्पकार कॉलिन हातातली पेन्सिल नाचवत ओरडत होता. इंग्रजीत. आणि ज्यांच्यावर ओरडत होता त्या माझ्या सासूबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. त्या ताडकन उठल्या. मांडीवरचा कापूस खाली सांडला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काय म्हणतोय गं तो, मंजू?”

यावर मी जे उत्तर दिलं, ते तीन वर्षं कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला अजूनही नाही — तोही हे इथेच वाचेल. आणि मी काय न सांगता राहणारी बाई आहे? आमच्या मेडनहेडच्या ट्रेनच्या डब्यात शिरलेला कोल्हा मी गणपतीत सांगायला घेतला, तो आरती संपेपर्यंत वाघ झाला होता. तेव्हा माझं निम्मंच खरं धरायची तुमची सवय चांगलीच आहे. फक्त आज धरू नका. आज मी मापात बोलणार आहे. बोलायचा प्रयत्न करणार आहे.

नवऱ्याची नोकरी ब्रॅकनेलला, माझी कुठेच नाही. सीव्हीवर यूकेचा काहीतरी एक्स्पीरियन्स हवा, म्हणून ट्रेनने तासाभरावरच्या एका कॅथेड्रलच्या म्युझियममध्ये आठवड्यातून दोन दिवस व्हॉलंटियर झाले. कॅथेड्रलच्या भिंतींवरचे मूळ पुतळे पावसाने झिजले, की ते उतरवून इथे कोरड्यात आणून ठेवायचे, आणि कॉलिनने तसेच नवे कोरून वर चढवायचे. आता मूळ चेहराच पुसला गेला असेल तर? तर तो अंदाजाने बनवायचा नाही, ही त्यांची रीत. आजच्या एखाद्या जिवंत माणसाचा द्यायचा. अशी एक राणी होती — वापरून संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखं तोंड. कॉलिन महिनाभर तिच्यासाठी चेहरा शोधत होता.

मग कुणाचा मिळायला हवा होता? माझाच की. त्याला चहा मी करून द्यायची. पुण्यापासून पन्हाळ्यापर्यंत सगळं मी सांगायची, त्यातलं थोडं खरंही असायचं.

सासूबाई सहा महिन्यांसाठी कऱ्हाडहून आल्या होत्या. घरी एकट्या असल्या की बॉयलरला घाबरायच्या, म्हणून मी त्यांना बरोबर न्यायची. राणीसमोर हीटरजवळ एक बाक होता, तिथे बसून त्या वाती वळायच्या. कापूस, मांडी, तळवा. ओठ मिटलेले, नजर खाली. बाहेर मार्चची बोचरी थंडी आणि तो बाक उबदार. चार महिन्यांत त्यांनी या देशाबद्दल मला एकच गोष्ट सांगितली होती — “ही जागा बरीये.”

आणि कॉलिनने बघितलं ते त्यांच्याकडे.

सांगतेय. सांगतेय.

त्या उठल्या तसा तो मला म्हणाला, “तिला विचार ना, तिचा चेहरा राणीला देऊ का?” इकडे सासूबाई विचारतायत, काय म्हणतोय. दोन्ही भाषा येणारी तिथे मी एकटी. मी मराठीत म्हणाले, “आई, तो म्हणतोय तुम्ही मध्ये येताय. त्याला काम करता येत नाहीये.” आणि इंग्रजीत म्हणाले, त्या नको म्हणतात, आमच्यात जिवंत माणसाचं तोंड दगडात कोरणं अशुभ समजतात. कुठली प्रथा ही? कुठलीच नाही. उभ्या उभ्या पाडली मी. “माझं तसलं काही नाही हं,” हेही वर मीच जोडलं.

कॉलिन बिचारा कानापर्यंत लाल झाला. त्याने सासूबाईंना हात जोडले. त्यांनी कापूस गोळा करता करता त्याला जोडले. दोघं एकमेकांची माफी मागत होते आणि मी मध्ये उभी राहून भाषांतर करत नव्हते.

उरलेले दोन महिने त्या बाहेर कॉरिडॉरमध्ये बसल्या, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, दाराशी. दार उघडलं की गार झोत. बोटं गारठली की काखेत धरायच्या, मग पुन्हा वात. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी त्यांच्या शेजारीच कोट अडकवायची.

राणी वर चढली. मी चाळीस जणांना ईमेल केली. तिच्या उद्घाटनाला बिशप आला, बँड आला, फोनवर तर मी हेलिकॉप्टरही आणलं. खरं एवढंच, की कॉलिन माझं चित्र काढत होता तेव्हाही मी बोलतच होते, म्हणून त्याने राणीचं तोंड उघडं कोरलंय. ती इतकी वर आहे की खालून मी ओळखू येत नाही. तोंड उघडं आहे तेवढं कळतं.

या मार्चमध्ये सासूबाई पुन्हा आल्या. मी त्यांना म्युझियममध्ये नेलं — फुशारकीच मारायला, दुसरं काय. आत शिरल्या शिरल्या, मी काही बोलायच्या आत, त्या कॉरिडॉरमध्ये वळल्या. खुंट्यांखाली बसल्या आणि पिशवीतून कापूस काढला.

मी आत गेले. हीटरजवळचा बाक रिकामा होता. कॉलिन दुसऱ्याच एका डोक्याची मापं घेत होता. मी त्याला सगळं सांगितलं, एकाही वाघाशिवाय. त्याने मापाची पट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, “उत्तरेच्या बाजूची एक राणी उरलीये. तिलाही चेहरा नाही. या वेळी नीट विचार.”

बाहेर येऊन मी सासूबाईंसमोर उभी राहिले. तो तेव्हा काय म्हणाला होता, मी काय सांगितलं, आता तो काय विचारतोय — सगळं, क्रमाने. पाया पडले नाही, रडले नाही. ते करून मीच सुटले असते. त्यांनी हातातली वात पुरी वळली. पिशवीत ठेवली.

“म्हणजे तिथं बसलं तर चालतं,” त्या म्हणाल्या.