पाचवं अंगण

देवमनला मी शेवटचा भेटलो तो अकोल्याच्या दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळी. दोन दिवसांनी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होणार होती आणि तो मात्र शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तुरीवर कोणती फवारणी करावी ते समजावून सांगत होता. मला पाहून म्हणाला, ‘‘ये मास्तर, बस. इथी सारे गप पडून राह्यतेत, बोलाले माणूस नाई.’’ मग शाळेचं विचारलं, आमच्या घरचं विचारलं आणि मी उठायच्या बेतात असताना माझा हात धरून म्हणाला, ‘‘घरी आलो का पयले शीतलचं अंगन करून टाकू. तिची माय आता गावातच हाये.’’ मी हो म्हणालो. माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा एक पेन ड्राइव्ह होता. त्यात तेच अंगण होतं... माझ्या शीतल या विद्यार्थिनीनं पाच वर्षांपूर्वी स्वतः चित्रित केलेलं, सुखरूप. ते खराब झालं, उघडत नाही, असं मीच देवमनला सांगितलं होतं. त्या दिवशी खरं सांगायचंच, असं ठरवून मी एसटीत बसलो होतो. नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी शाळेत परिपाठ चालू असताना त्याच्या मुलाचा फोन आला.

देवमनला जाऊन आता दीड महिना झाला. गावात सगळे त्याच्याविषयी भरभरून बोलतात. मी लिहायला बसलो की मला आधी तो खिसा आठवतो, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

देवमन आणि मी मेडशीजवळच्या आमच्या गावात एकाच बाकावर शिकलो. दहावीनंतर तो वडिलांच्या शेतात उतरला, मी डी.एड. करून फिरत फिरत पुन्हा आमच्याच शाळेत शिक्षक म्हणून आलो. नेमणुकीचा कागद हातात पडला त्या दिवसापासून त्यानं माझं नाव घेणं सोडलं आणि मास्तर म्हणू लागला. गावात सगळे मला सर म्हणत, त्यात मला बरं वाटे. त्याच्या ‘मास्तर’मध्ये मात्र एक बारीकशी टोचणी असायची, अन् ती बहुतेक वेळा बरोबर जागी लागायची. शाळेच्या समितीवर तो होता. कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नसे, त्यामुळे मुख्याध्यापकांना तो फारसा आवडत नसे.

पाच वर्षांपूर्वी शालेय विद्यार्थ्यांच्या लघुपटांची एक जिल्हा पातळीवरची स्पर्धा जाहीर झाली. दहा मिनिटांचा चित्रपट, मोबाइलवर काढलेला चालेल. नववीतली सहा मुलं मी निवडली आणि फळ्यावर कामं लिहिली. दिग्दर्शक मी. कॅमेरा आदित्यकडे, कारण तो हुशार. बाकीच्यांकडे सामान, पाणी, कपडे. नळाच्या कामासाठी देवमन शाळेत आला होता, तो फळ्यापाशी थांबला. मी त्याला अभिमानानं सांगितलं की यातून मुलं टीमवर्क शिकतील. हा शब्द मी प्रशिक्षणात ऐकला होता आणि पुढे वर्गात अनेकदा वापरला होता. देवमननं यादी वरपासून खालपर्यंत वाचली. ‘‘पाच जन वझं उचलतेत अन् एक जन पाह्यते. याले टीमवर्क म्हनतेत काय बे?’’

मग त्यानं मुलांना सावड सांगितली. आमच्याकडे ती आता फारशी राहिली नाही. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या वावरात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. आणि शेवटच्या माणसाचं वावर होईपर्यंत कोणाचंच काम झालं असं धरायचं नाही. चित्रपटही तसाच करा, तो म्हणाला. सहा जण आहात, सहा तुकडे करा. ज्याचा तुकडा, त्या दिवशी कॅमेरा त्याचा आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. गोष्टही त्यानंच सुचवली. एक बकरी दावं तोडून निघते आणि सहा अंगणांतून फिरून घरी परत येते. प्रत्येक अंगण एका मुलाचं. बकरी त्याची स्वतःची, नाव मैना. मला हे सगळं जरा पोरकट वाटलं, पण मुलांचे चेहरे पाहून मी फळ्यावरची यादी पुसली.

तसे पंधरा दिवस मी नोकरीत कधी अनुभवले नव्हते. मैना हवं तेव्हा चालत नसे. पहिल्याच दिवशी तिनं आदित्यच्या हातातला गोष्टीचा कागद अर्धा खाल्ला. तेव्हापासून देवमन खिशात तुरीचा पाला घेऊन कॅमेऱ्याच्या मागे पुढे उकिडवा सरकत राहायचा. सोयाबीन काढणीचे दिवस, चारी बाजूंनी थ्रेशरचा आवाज. बोलायचा प्रसंग आला की देवमन त्या वावरात जाऊन काय सांगायचा कोण जाणे, मशीन पाच मिनिटं बंद व्हायचं आणि मळणीची माणसंही वावराच्या कडेला, धुऱ्यावर येऊन बघत उभी राहायची. आदित्यला दुसऱ्याच्या अंगणात माइक धरायला लागला तेव्हा तो रुसला होता. तिसऱ्या दिवशी तोच इतरांना सांगू लागला की श्वाससुद्धा हळू घ्या.

पाचवं अंगण शीतलचं होतं. तिचे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ती मावशीकडे राहायची. तिचं अंगण चित्रित करायची वेळ आली ती नेमकी आईवडील निघण्याच्या आदल्या दिवशी. तिची आई कलावतीबाई अंगणात सामान बांधत होती. मैनेनं मागून चालत जायचं, एवढंच ठरलं होतं. मैना चालत आली आणि गाठोड्याला टेकून खालीच बसली. मी थांबवायला हात वर केला. शीतलनं माझ्याकडे पाहिलंच नाही. आईनं पोत्यात पातेलं ठेवलं, काढलं, थोडा विचार केला, त्याहून लहान ठेवलं. चादरी दोन घेतल्या, एक परत खाटेवर टाकली. शेवटी कमरेची किल्ली काढून ती सरळ कॅमेऱ्यापाशी आली आणि लेकीपुढे हात केला. चित्रीकरण चालू आहे हे ती विसरली होती. शीतलनं एका हातानं किल्ली घेतली, तेव्हा मोबाइल थोडा कलला. मागे कोणी हललं नाही. देवमनच्या हातातला पाला तसाच राहिला.

सहा अंगणं मिळून तेरा मिनिटं झाली. देवमन म्हणाला, सगळ्यांचं थोडं थोडं काट. मी घरी लॅपटॉपवर बसलो आणि पाचवं अंगण अख्खं काढून टाकलं. बकरी चौथ्या अंगणातून थेट सहाव्यात गेली. कॅमेरा कलला होता, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण इतकी वर्षं मी कोणाला सांगितलं नाही. बाकीच्या पाच अंगणांत, सावड असो नसो, मी मधे मधे बोललो होतो, माझा हात त्यात दिसत होता. पाचवं माझ्याशिवाय झालं होतं, आणि त्याच्यापुढे माझं सगळं फिकं दिसत होतं.

मी मुलांना काहीच सांगितलं नाही. वाशिमच्या सभागृहात पडद्यावर चित्रपट लागला तेव्हा शीतल मावशीला घेऊन माझ्या पुढच्या रांगेत बसली होती. चौथं अंगण संपताना तिनं मावशीच्या हातावर हात ठेवलेला मला दिसला. मग सहावं सुरू झालं. तिनं हात काढून घेतला... मागे वळून पाहिलं नाही. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. मी मंचावर जाऊन टीमवर्कविषयी बोललो.

परतताना मालेगावला जीप चहासाठी थांबली. मुलं फरसाण घ्यायला गेली आणि देवमननं मला बाजूला घेतलं.

‘‘मास्तर, पाचवं अंगन कुठी गेलं?’’

‘‘फाइल खराब झाली रे. ऐन वेळेला उघडेचना.’’

‘‘मंग पोरीले आधी काहून नाई सांगतलं?’’

तिला वाईट वाटेल म्हणून, असं मी म्हणालो. त्यानं विश्वास ठेवला. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. मग तोच शीतलकडे गेला. तिच्यासमोर उकिडवा बसून यंत्राचा काही भरवसा नसतो, यात कोणाचा दोष नाही, आई परत आली की आपण पुन्हा काढू, असं तिला समजावत राहिला. तिनं मान हलवली. माझं खोटं त्यानं स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या शब्दावर तिला दिलं, आणि मी चहाचा कप धरून उभा होतो.

त्यानंतर दर उन्हाळ्यात तो विचारायचा. ‘‘एक वावर राह्यलं आपलं, मास्तर.’’ कधी परीक्षा, कधी निवडणुकीचं काम, कधी मोबाइल बिघडला... माझी कारणं संपत नव्हती. शीतल दहावी झाली, बारावी झाली, वाशिमला कॉलेजात गेली. तो विसरला नाही.

तेरवीनंतरच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला आणि आधी सगळं सांगून टाकलं, बसायच्याही आधी. कलावतीबाई आत चहा ठेवत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांचं ऊसतोडीला जाणं दोन वर्षांपासून बंद झालं आहे. शीतल म्हणाली, ‘‘देवमनकाकाले मालूम होतं?’’

मी नाही म्हणालो.

‘‘म्हंजे तुमी मले खोटं सांगतलंच नाई सर. काकाच्या तोंडून सांगतलं.’’

तिनं शेजारच्यांचा लॅपटॉप आणला आणि आम्ही तिघांनी ती साडेतीन मिनिटं पाहिली. कलावतीबाई मधेच हसल्या, ‘‘पाह्य वं, ते पातेलं मी तिकडंच इसरून आली होती.’’ त्यांचा हात किल्ली घेऊन पडद्यावर मोठा होत आला, तेव्हा त्यांनी हसणं थांबवलं. शीतल पुन्हा सुरुवातीपासून पाहू लागली. मी निघालो तर ती अंगणापर्यंत आली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितलं नाही. कॉलेजसाठी ती एक लघुपट करते आहे, जुने पाचही जण सुटीच्या दिवशी येणार आहेत, पण आवाज धरायला माणूस कमी पडतो, असं तिनं सांगितलं. रविवारी सकाळी सातला, देवमनकाकांच्या घरी.

मी पावणेसातलाच गेलो. देवमनची बायको, सुमनवहिनी, सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. चित्रपट कशावर आहे हे मला तिथं कळलं. देवमन रोज सकाळी ओट्यावर बसून बशीत चहा ओतायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, कुठी चालला? शीतलच्या लक्षात आलं होतं की ओटा आता रिकामा असतो, तरी त्या फाटकापाशी माणसांची चाल हळू होते. त्या रविवारी ती तेवढंच चित्रित करणार होती. तिनं मला फाटकाच्या आतल्या बाजूला उभं केलं, काठीला बांधलेला माइक हातात दिला आणि हेडफोन माझ्या कानावर चढवले. दोनदा म्हणाली, ‘‘सर, मांगं सरका. तुमची सावली येऊन राह्यली.’’ मी मागे सरकलो. आदित्य, आता सहा फुटांचा झालेला, मला खुणेनं सांगत होता की श्वास हळू घ्या.

चपलांचा आवाज दुरून यायचा, फाटकाजवळ मंद व्हायचा, क्षणभर थांबायचा आणि पुढे जायचा. एक म्हातारे गृहस्थ तर ओट्याकडे बघून म्हणाले, ‘‘बँकेत जाऊन येतो,’’ आणि गेले. माझ्या हातांना कळ लागली होती, पण मी काठी खाली केली नाही. एवढी वर्षं टीमवर्क शिकवलं, आणि दुसऱ्याचं काम नीट व्हावं म्हणून गप्प उभं राहायचं, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा केलं. काम आटोपल्यावर शीतलनं आवाज ऐकून पाहिला आणि बरा आला म्हणाली. मी विचारलं, झालं का माझं काम? ती वायर गुंडाळत होती. ‘‘सहा अंगनं होती सर. सहा रविवार लागतीन.’’

आतापर्यंत तीन झाले आहेत, पहिला देवमनच्या दारात, पुढचे गावातल्या इतर अंगणांत. शाळेत जायचा माझा रस्ता देवमनच्या दारावरून जातो आणि इतरांसारखे माझेही पाय तिथं आपोआप हळू होतात. सुरुवातीला मी मान खाली घालून पुढे जात असे. या रविवारी सकाळी मात्र मी फाटकापाशी थांबलो, ओट्याकडे पाहिलं आणि कोणी ऐकेल याची पर्वा न करता सांगितलं...

‘‘शीतलच्या सावडीले चाललो.’’