मद्रासचा समुद्र बंद होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही, पोरीला नाही, देवालाही नाही — देवापुढे बसले की मी दुसरंच काहीतरी बोलत असे. तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या आत्याबाईंना पाहिलेलं नाही, म्हणून सोपं जातंय बहुतेक.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही नागपूरला महाल भागात राहायचो, आणि अंबाझरीच्या तलावाहून मोठं पाणी त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत हे फौजेच्या गोदामात कारकून म्हणून मद्रासला गेले. काही महिन्यांनी निरोप आला — बोटीनं पुढे जायचंय, दोघी येऊन भेटून जा. लोक म्हणाले, जपानी येणार म्हणून तिकडची माणसं शहर सोडून चालली आहेत, बायकांनी कशाला जायचं? आत्याबाई म्हणाल्या, "जपान्याले माह्यासारख्या म्हातारीशी काय काम? पोराले पाहीन, अन् समुद्र पाहीन."

गाडी शिपायांनी भरलेली. आत्याबाईंनी मला खिडकी दिली आणि स्वतः ट्रंकेवर बसल्या. मला डुलकी लागली की माझं डोकं आपल्या खांद्यावर घ्यायच्या. अशी बाई होती ती. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझी बाजू घेणार नाही.

मद्रासात मैलापूरला एक ओळखीचं कुटुंब घर सोडताना किल्ली यांच्याकडे देऊन गेलं होतं. तिथं उतरलो. गल्लीतली निम्मी दारं कुलुपबंद, दिव्यांवर काळे कागद. हे रोज तासाभरासाठी यायचे, आणि तो तास आत्याबाईंचा असायचा — असणारच ना? जायच्या आदल्या दिवशी मात्र यांना सबंध संध्याकाळ मोकळी मिळाली. तिघांनी समुद्रावर जायचं ठरलं. आत्याबाईंनी सकाळीच ठेवणीतलं लुगडं काढलं.

आणि मी — लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात यांच्याशी एकटीनं, आवाज न दाबता, मी किती बोलले असेन? पण हे कारण म्हणून सांगत नाही.

दुपारी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "आत्याबाई, समुद्र बंद केलाय. फौजेनं तारा लावल्यात, कुणालाच सोडत नाहीत. शेजारच्या बाई सांगत होत्या."

शेजारच्या बाईंना मराठी येत नव्हतं. मला तमिळ येत नव्हतं.

"समुद्र काहून बंद करतात वं?" त्यांनी विचारलं. एवढंच. मग लुगड्याची घडी घातली. "जाऊ दे. तुम्ही दोघं बजारात फिरून या. मी खिचडी टाकून ठेवतो."

पाहिलंत? त्यांनीच पाठवलं. मागितलं असतं तरी पाठवलंच असतं. हे मला तेव्हाही कळलं होतं.

यांना मी गल्लीच्या तोंडाशीच गाठलं. म्हटलं, आईंचे पाय सुजलेत, त्या येत नाहीत. आणि घरी समुद्राचा विषय काढू नका, त्यांना वाईट वाटेल. इतकं सगळं मला सुचलं — विसाव्या वर्षी.

तारा होत्या, पण थोड्याशा, फौजेच्या किल्ल्याकडच्या बाजूला. बाकी किनारा मोकळा होता. कोळी होड्या वर ओढत होते. यांनी भर उजेडात माझा हात धरला. लाट पायावर आली तशी मी ओरडले, आणि हे मोठ्यानं हसले. यांचं तसं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला बोलू — ती संध्याकाळ मला अजून प्रिय आहे.

रात्री जेवताना यांनी आईला विचारलं, पाय कसे आहेत? "म्हाताऱ्या माणसाचे पाय, दुखतेतच," त्या म्हणाल्या आणि यांना तूप वाढलं.

नागपूरला परतल्यावर आत्याबाई आळीत सांगायच्या, "समुद्र बंद होता, नाहीतर माह्या सुनेनं दाखवलाच असता." यांना पत्रं मीच लिहीत असे, आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. हे परत यायच्या आधीच्या हिवाळ्यात त्या तापानं गेल्या.

लढाई संपल्यावर हे आले. एकदा म्हणाले, "त्या दिवशी आईला मी गाडी करून न्यायला हवं होतं. पाय सुजले होते तर काय झालं? उचलून नेलं असतं." तेव्हा बोलता आलं असतं ना? मी म्हटलं, "जाऊ द्या आता."

नाही जाऊ दिलं यांनी. वर्षानुवर्षं, मधूनच, जेवता जेवता ते हेच म्हणायचे. म्हातारपणी पोरीनं पुरीला समुद्रावर चला म्हणून आग्रह केला. हे म्हणाले, "नको बेटा. मी माझ्या आईला समुद्रापर्यंत नेऊनसुद्धा समुद्र दाखवला नाही. माझ्यात तेवढी माया नव्हती." पोरीनं त्यांचा हात धरला.

मी समोरच बसले होते, त्यांच्यासाठी संत्र्याच्या शिरा काढत. काढत राहिले. सोललेल्या फोडी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि दुसरं संत्रं घेतलं.