टपकतंय तिथं गळत न्हाई

"पहिले पुस."

गाडी शेडसमोर उभी केली, की चाचांचं पहिलं वाक्य हेच. काय झालं, कधी झालं, काही विचारणं नाही. आपण तेल गळतंय म्हणून जीव मुठीत धरून आलेलो आणि हा माणूस आपल्याच हातात फडकं देऊन मोकळा. बॉनेटला तर हातही लावायचे नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून जीपखाली वाकायचे, जमिनीवर पडलेला थेंब बोटावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि बोट पॅन्टला पुसायचे. मग दुसरं वाक्य यायचं, "टपकतंय तिथं गळत न्हाई."

तुमच्याकडे जुनी डिझेल गाडी असेल, तर असा एखादा मिस्तरी तुम्हीही पाहिला असेल. पाहिला असेल तर त्याच्या डोक्यात पाना घालावा असंही तुम्हाला कधीतरी वाटलं असेल. मला दर वेळी वाटायचं.

मी घनसावंगी ते वडीगोद्री काळी-पिवळी जीप चालवतो. गाडी माझी आणि ड्रायव्हरही मीच. इंजिन माझ्या लग्नाआधीचं आहे, आणि गाडी की ती, माझं लक्ष जास्त कोणाकडे असतं यावरून बायको अजून टोमणे मारते. चाचांची पत्र्याची शेड वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, लिंबाखाली होती. घरात उर्दू, आमच्याशी आमच्यासारखीच मराठी आणि इंजिनाशी दोन्ही, असा त्यांचा कारभार. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाक मारताना लहानथोर सगळे चाचाच म्हणायचे.

चाचांची पद्धत साधी होती, फक्त ती बघायला दगडाचं काळीज लागायचं. आधी इंजिनाच्या नळ्या काढायच्या आणि उघड्या भोकांमध्ये चिंध्या कोंबायच्या, धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून. चिंध्या त्यांच्या स्वतःच्या जुन्या लुंग्यांच्या. मग डिझेल आणि ब्रशनं अख्खं इंजिन घासून काढायचं, पाणी मारायचं, पुसायचं, वाळू द्यायचं. नळ्या परत बसवायच्या. आणि शेवटी पत्र्याच्या फळीवरून लहान लेकरांच्या पावडरीचा डबा काढून इंजिनाच्या अंगावर सगळीकडे पावडर उडवायची.

"आता घनसावंगीच्या रस्त्यानं जरा फिरवून आण."

फिरवून आणलं की पांढऱ्या पावडरीवर तेलाची काळी रेघ उमटलेली असायची. ती रेघ धरून चाचा बोटानं वर वर जायचे, आणि रेघ जिथं सुरू होते तिथं बोट टेकवून आपल्याकडे बघायचे. एका ट्रॅक्टरवाल्यानं इंजिनाचं मागचं सील पुन्हा पुन्हा बदलून घेतलं होतं, तरी गळती थांबत नव्हती. चाचांनी पावडर मारली, तर तेल वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून येत होतं आणि मागच्या बाजूनं ओघळून खाली टपकत होतं. "खोलायला अक्कल लागत न्हाई, पाना लागतो," असं ते त्या ट्रॅक्टरवाल्याला तोंडावर म्हणाले. नम्रपणा वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती.

पावडरीचा वास मात्र पुढे बराच काळ गाडीत राहायचा. एकदा एक म्हातारी जीपमध्ये चढली आणि सीटखाली, मागे, सगळीकडे बघायला लागली. म्हणाली, "तान्हं लेकरू कुठं निजवलंय रे?"

उशिराचा तर मला भयंकर राग यायचा. चाचा आधी इंजिन थंड होऊ द्यायचे, मग गरम करायला लावायचे, मग पुन्हा थंड. थंड इंजिन एक सांगतं आणि गरम दुसरंच, म्हणे. वेळ वाचावा म्हणून मी एकदा इंजिनाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. चाचांचा फोन आला, "फोनवर समदेच इंजिन सर्दी झाल्यावानी वाजतात. गाडी घेऊन ये."

आता माझ्या गाडीचं सांगतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात थोडं तेल दिसायला लागलं. फार नाही, रात्रभर उभी राहिली की खाली एक डाग. चाचांनी पुसलं, धुतलं, पावडर मारली, एका झाकणाचं पॅकिंग बदललं. डाग बंद झाला. मी खूश.

आठवडा गेला नसेल, गाडीनं दुसरीकडूनच तेल फेकायला सुरुवात केली. आधी पुढून, मग मागून. चाचांनी पुढचं सील बदललं, तर मागून जोर वाढला. मागचं बदललं, तर तेल मोजायची पट्टी आपोआप वर उचलली जायला लागली. तेल क्लचवर गेलं, चढावर गाडी नुसती ओरडायची, पुढं सरकायची नाही. पॅसेंजर उतरून ढकलायचे आणि पुन्हा बसताना माझ्या तोंडाकडे असे बघायचे, की जणू मीच तेल गळतोय. मी आज वडीगोद्रीला, परवा पुन्हा वडीगोद्रीला. चाचा प्रत्येक वेळी वाकायचे, थेंब बोटावर घ्यायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा नळ्या न काढता, नुसतं पुसून पावडर मारायचे. पण रेघ एक नव्हती. चारी बाजूंनी तेल आणि मधे ओल्या पावडरीचा चिखल. चाचा त्या चिखलाकडे बघत बसायचे. त्यांना काही कळत नाहीये हे मला कळायचं, आणि डोकं आणखीच फिरायचं.

घनसावंगीच्या स्टँडवर आमच्या गाड्यांचे नंबर ठरलेले आहेत. गाडी फार दिवस आली नाही, की नंबर दुसऱ्याला जातो. वाट बघणारे कमी नाहीत, आणि नंबर गेला की मी फक्त एका भंगार जीपचा मालक. स्टँडवरचे सगळे तेव्हा डॉक्टर झाले होते. "इंजिन संपलं तुझं. भंगारात घाल," असं चहा पीत पीत सांगायचे.

शेवटी चाचांनी इंजिन चालू ठेवून तेल ओतायचं झाकण उघडलं. भसकन धूर आला. झाकण नुसतं वर ठेवलं, तर ते उडून बाजूला पडलं.

"रिंगा गेल्या," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "इंजिन उतरावं लागतंय."

आता रिंगा गेल्या म्हणजे काय, तर पिस्टनच्या कड्या झिजल्या, वरचा जाळ खाली उतरायला लागला, इंजिन आतून म्हातारं झालं. पुढे सिलिंडरचं बोअर करणं, नवे पिस्टन, जालन्याच्या लेथवर खेपा, सगळं आलं. महिना तरी गाडी उभी. म्हणजे नंबर गेला.

"इतके दिवस मग काय करून राह्यले तुम्ही?" मी ओरडलो. "पहिल्याच दिवशी सांगायचं होतं ना! पावडरी कशाला लावत बसलात?"

चाचा एवढंच म्हणाले, "शुक्रवारची नमाज झाली की उतरवतो. गाडी ठिवून जा."

शुक्रवारी मी तिथं उभा होतो. तोंडावर राग होताच. चाचा एकेक नळी सोडवत होते. आमच्या इंजिनाच्या बाजूला हवा जायची एक नळी असते. आतला धूर, वाफ तिच्यातून बाहेर पडते. ती नळी त्यांनी ओढून काढली आणि हात तिथंच थांबवला. तिच्याखालच्या भोकातून कापडाचं टोक दिसत होतं. त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं. येत गेलं, येत गेलं. तेलानं काळंभोर झालेलं, पण मधेच हिरवा चौकडा दिसत होता. शेडच्या खुंटीवर तसल्याच हिरव्या चौकड्याची अर्धी लुंगी लटकत होती.

"ही कुठली?" मी विचारलं.

"माझी."

मला अजून काही समजलं नव्हतं. चाचा पाटावर बसले. चिंधी हातातच होती.

"धुताना भोकात चिंधी घातली. आन् काढली न्हाई, तिच्यावरच नळी बसवली. इंजिनाचा दम इथून जातो ना, तो कोंडला. मंग जिथं रस्ता भेटला तिथून त्यानं तेल ढकललं."

"म्हणजे रिंगा?"

"रिंगा बराबर हायत. इंजिनाला बिलकुल काही न्हाई झालं. गलती माझी हाय."

मग मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिंबावरची पाखरं उडाली असतील. इतके दिवस, इतकी सीलं, लोकांचं ढकलणं, स्टँडवरचं हसणं, सगळं एका दमात बाहेर आलं. चाचा ऐकत राहिले. माझं संपलं तेव्हा उठले, नळी साफ करून बसवली आणि गाडी चालू केली. तेलाचं झाकण उलटं करून नुसतं भोकावर ठेवलं. ते जागच्या जागी थरथरत राहिलं, पडलं नाही. त्या झाकणाकडे बघताना मला रडू आलं, खरंच आलं. नंबर वाचला होता.

कोणताही शहाणा माणूस ती चिंधी जाळून मोकळा झाला असता. चाचांनी ती शेडच्या दारात, आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर टांगली. आणि मी तिथं असलो, की येईल त्याला माझ्याकडे बोट करून सांगायचे, "ह्याच्या इंजिनात मी चिंधी विसरल्तो. चांगलं इंजिन गेलं म्हणून सांगितल्तं." लोक ऐकायचे, हसायचे आणि पुढच्या वेळी दुसऱ्या मिस्तरीकडे जायचे. मला हे बघवत नव्हतं. एकदा मी ती चिंधी काढून लिंबामागे फेकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात.

"चाचा, कोणी विचारलं का तुम्हाला?"

"विचारत न्हाईत म्हणून सांगून राह्यलो."

"गिऱ्हाईक तुटतंय!"

"मंग काय हे बी दाबून ठिवू? अन् ते पुन्हा चहूकडून येऊ दिऊ?"

असल्या माणसाशी बोलून डोकं फुटायची वेळ येते, हे तुम्हीही कबूल कराल.

तरी मी गाडी त्यांच्याकडेच नेत होतो. एके दिवशी मी शेडमध्ये असताना एक ट्रॅक्टर तेल बदलून हायवेला लागला, आणि चाचा अचानक उठून त्याच्या मागे धावायला लागले. चप्पल एकीकडे, टोपी एकीकडे. ट्रॅक्टर थांबवला, खाली शिरले, तेलाचा बोल्ट पान्यानं तपासला. परत आले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती.

"ढिला होता का?" मी विचारलं.

"घट्टच होता." ते पाटावर बसले. "घट्ट केल्याचं मला आठवंना."

त्यानंतर ते इंजिनाला हात लावेनात. गाडी नेली की दुसऱ्या मिस्तरीचा पत्ता सांगायचे. "हात चांगले हायत बाबा. ध्यान ऱ्हात न्हाई." मी भांडलो. म्हटलं, एक चिंधी विसरली म्हणून कोणी दुकान बंद करतं का, मी शेजारी उभा राहतो, मी लक्ष ठेवतो. ते नुसतं हसले. दिवाळीनंतर जालन्याला दिलेली त्यांची मुलगी आली आणि त्यांना घेऊन गेली. शेडमध्ये आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथून जाताना मला दर वेळी राग येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात जालन्याचं भाडं लागलं म्हणून मी पत्ता शोधत त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. घरासमोर स्वच्छ फरशी होती. मुलीनं चहा दिला आणि हळूच म्हणाली, "दादा, अब्बांना कधीकधी माणसं ओळखू येत न्हाईत. मनाला लावून घेऊ नका."

चाचांनी मला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते, खिडकीतून जीपकडे बघत होते. मग उठले आणि बाहेर निघाले. आम्ही मागोमाग. जीपजवळ गेले, गुडघ्यांवर हात टेकले, वाकले. फरशीवर तेलाचा एक थेंब पडला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला. मान वर करून बघितलं. बरोब्बर वर हवेची नळी होती, आणि तिच्या तोंडाशी दुसरा थेंब जमत होता. ती नळी मोकळी असली, की एवढं टपकायचंच.

मुलगी लगबगीनं फडकं घेऊन आली. "थांबा, फरशीवर डाग पडंल."

चाचांनी तिचा हात धरला.

"पुसू नको," ते म्हणाले. "बराबर जागी पडून राह्यलंय."

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेल्याचा निरोप आला. मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तोवर सगळं आटपलं होतं. मुलगी दारात उभी होती. पाहुण्यांसाठी सगळं अंगण धुऊन काढलेलं होतं, ओल्या फरशीवर ऊन चमकत होतं. मधोमध एक काळा ठिपका तेवढा राहिला होता, त्याच्या कडेकडेनं झाडू फिरलेला.