चिलटाने भरवलेला थेंब

ह्यांच्या मेंदूतली गाठ काढून दोनच दिवस झाले होते. दवाखान्यात संध्याकाळशिवाय भेटू देत नसत, म्हणून माझी लेक मुक्ता मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पिकल्या केळ्यावर घोंघावतं तसलं एक चिलट मादीसमोर उभं होतं. त्याने तोंडातून अन्नाचा थेंब काढला आणि तिला भरवला. मला गहिवरून आलं.

"याच्या जातीतले नर असं करत नाहीत गं, आई. नुसते पंख थरथरवून गातात," मुक्ता म्हणाली. "दुसऱ्या एका जातीत कधीकाळी मेंदूतल्या मोजक्या पेशींची नवी जोडणी झाली आणि हे भरवणं आलं. तीच जोडणी आम्ही याच्यात केली."

"मग याला शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही."

एवढी माया आणि ती इतक्या बारीक धाग्यावर? गाठीबरोबर मेंदूचाही थोडा भाग काढावा लागला, असं डॉक्टर म्हणाले होते. कोणता, ते मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी हे ऑपरेशननंतर पहिल्यांदाच जागे होते, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली असती तर वळले असते. पण वळून माझ्याकडे बघणारा माणूस तोच असेल का, या भीतीने मी दारातच उभी राहिले.