दातावरून वय

"तोंड उघड."

मला वाटलं, नाव विचारतायत. मी नाव सांगितलं.

"नाव नको. तोंड उघड. दात बघू."

सातपूरचा कारखाना. व्हरांड्यात टेबल टाकलेलं. टेबलामागं भरतीचे साहेब, शेजारी सुपरवायझर. माझ्यामागं बायका-पोरींची लांब रांग. विजेची बटणं जोडायला बायका पाहिजे होत्या. दहावी पास, वय तिशीच्या आत. मी दहावी पास होते. दाखल्यावर वय अठ्ठावीस होतं.

माझ्या आधी कॉलेज रोडकडची एक मुलगी होती. तिला साहेब म्हणाले, "बसा. कधीपासून येऊ शकाल?" तिचा दाखला त्यांनी नुसता चाळला. माझा उजेडात धरून पाहिला.

"एक जून," ते सुपरवायझरला म्हणाले. "यांच्या वस्तीत सगळी पोरं एक जूनलाच जन्मतात."

सुपरवायझर हसला.

नांदगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझा जन्म कुणी लिहून ठेवला नव्हता. आई सांगायची, "खालच्या इहिरीला पाणी लागलं, त्या साली तू झाली." त्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू देत नव्हते. तरी माझं वय त्याच विहिरीवरून. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी हिशोब करून एक जून टाकला.

"अठ्ठावीस?" साहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. "चाळिशीची दिसतेस."

दिसणारच. बाहत्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडली. उन्हात, उपाशी. तिथं वय विचारलं नाही कुणी. पोरगी झाली आणि नवरा तापानं गेला. तिला घेऊन नाशिकला भावाच्या कॉलनीत आले. विहारात बायकांचा वर्ग चालायचा. तिथं बसून बाहेरून दहावी केली. पण दुष्काळातलं ऊन चेहऱ्यावर बसलं ते बसलंच.

मी तोंड उघडलं. भावजयीनं त्या सकाळीच भाकरी थापताना विचारलं होतं, "अजून किती दिवस?" म्हणून उघडलं.

साहेबांनी पेन्सिलीच्या टोकानं माझा ओठ वर केला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"जुळलीय," ते म्हणाले.

हा बैलबाजारातला शब्द. बैलाचे सगळे दात आले की तो जुळला म्हणतात. मग त्याची किंमत उतरत जाते. रांगेत हशा पिकला. सगळ्या हसल्या नाहीत. पण हसल्या.

"लाइनवर नाही घेता येणार. संडास-सफाईला ये. तिथं वयाची अट नाही."

मी गेले.

तिथं मला नाव नव्हतं. "ए सफाई." झालं. दाखला घरी पत्र्याच्या पेटीत. हातात खराटा आणि फिनेल.

कारखान्यातल्या बायकांना रडायला जागा नव्हती. त्या संडासात येऊन रडायच्या. मी बाहेर बादली घेऊन उभी असायचे. हळूहळू त्या माझ्याशी बोलायला लागल्या. तिशी आली की डोळे अधू झाले म्हणून काढतात. दिवस गेले की काढतात. कुणी वय चोरत होती, कुणी पोट पदरानं झाकत होती. माझ्यावर हसलेली एक जण त्यात होती. तिलाही काढलं. जाताना माझ्याकडं बघवेना तिला.

तोवर मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे. माझ्या तोंडात, माझ्या जातीत, त्या एक जूनमध्ये. तिला फाटकाबाहेर जाताना पाहिलं आणि डोक्यात लख्ख झालं. खोट आमच्यात नव्हतीच. इथं बाजार भरत होता.

पुन्हा भरती निघाली. तोच व्हरांडा, तेच टेबल. मी फरशी पुसत होते. पेठ तालुक्याकडची एक बाई पुढं आली. पायात काही नाही. लुगडं छातीवर ओलं झालेलं. तान्हं घरी ठेवून आली होती.

"तोंड उघड," साहेब म्हणाले.

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं.

"नको उघडू, बाई."

सगळे वळले. साहेब म्हणाले, "तू तुझं काम कर."

"साहेब, उद्या तुमची पोरगी नोकरी मागायला गेली, तर तिचे दात बघू द्याल का?"

आवाज माझाच होता. पण मी तो पहिल्यांदा ऐकत होते.

साहेबांचा चेहरा पडला. मग लाल झाला. "चालती हो. आत्ताच्या आत्ता."

पेठच्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं. आणि तोंड उघडलं.

तिचा राग नाही आला मला. अजून येत नाही.

युनियनच्या ऑफिसात गेले. पुढारी म्हणाले, "तू कायम नाहीस. तुझा प्रश्न घेता येत नाही." कामगार ऑफिसात गेले. तिथला कारकून म्हणाला, "कुणाला घ्यायचं ते मालक ठरवणार. तुला काय त्याचं?"

आता मी चार घरची धुणीभांडी करते. भरतीचा बोर्ड लागला की त्या फाटकावर जाते. रांगेतल्या प्रत्येकीला सांगते, आत काय करतात ते. वॉचमन दंडाला धरून रस्त्यापलीकडं नेऊन सोडतो. मी परत येते. बायका ऐकतात, मान खाली घालतात आणि आत जातात.

पोरगी आता दहावीला आहे. परवा भांडी घासता घासता तिनं विचारलं, "आई, माझेपण दात बघतील?"

"बघायला येतील," मी म्हणाले. "तू बघणाऱ्याचा हात धरायचा. धरून ठेवायचा आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचं."

"आणि नोकरी?"

"मिळणार नाही. हात सोडायचा नाही."