सोफेवाल्याने शिवलेला पट्टा

सोफेवाला तसा भित्रा माणूस नव्हता. तीस वर्षं तोंडात खिळे धरून त्याने लोकांचे सोफे नव्याने मढवले होते. पण हृदयाची बायपास होऊन आठ महिने झाले आणि छातीच्या हाडाखाली, टाके संपतात तिथे, खोकलं की लिंबाएवढा फुगवटा वर यायला लागला, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली. पुन्हा छाती उघडणार! आडवं झालं की फुगवटा गायब, उठलं की हजर.

मग या शहाण्याने काय करावं? डॉक्टरकडे जायचं सोडून, सोफ्याच्या बैठकीखाली ताणतात ती जाड पट्टी घेतली, बक्कल लावलं, पट्टा शिवला आणि शर्टाच्या आत आवळला. कुणाला पत्ता नाही. चार महिने! बायकोसमोर शर्टसुद्धा काढला नाही.

शेवटी एका सकाळी पट्ट्याखाली असं काही दुखलं की तो कळवळला, आणि बायकोने दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडवला, त्याला झोपवून मान उचलायला लावली, बोटांनी चाचपलं.

"हर्निया आहे, काका. टाक्यांच्या खालच्या टोकाशी पोटाची भिंत सुटलीय. हृदय ठणठणीत आहे."

"म्हणजे छाती उघडायची नाही?"

"छातीला हातही लावणार नाही. आतून जाळी बसवायची."

काका ताडकन उठून बसले. "आतून ना? अहो, मी तेच करतो! विरलेल्या कापडाच्या कडा ओढून शिवल्या की पुन्हा उसवतात. मागून ठिगळच हवं. भोकाबाहेर किती ठेवता?"

"चारी बाजूंनी पाच सेंटीमीटर."

"झकास! मी दोनच बोटं ठेवतो." स्वारी इतकी खूश झाली की डॉक्टरीणबाईंनाच कापड ताणायची रीत शिकवायला निघाली.

बायकोने मात्र तो सोडवलेला पट्टा हातात घेतला.

"म्हणून मला जवळ येऊ देत नव्हतात?"

"अगं, पट्टा हाताला लागला असता."

"आणि मला वाटलं, राग धरलात. तुम्ही बायपासला नको नको म्हणत होतात, तरी तुमची शुद्ध गेल्यावर मी सही केली. चार महिने मी मनातल्या मनात झुरतेय हो."

स्वतःच्या भीतीपायी हे सोफेवाल्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

"वेडे, त्या सहीमुळेच तर जिवंत आहे," तो म्हणाला आणि डॉक्टरीणबाईंसमोरच त्याने तिला जवळ ओढलं.