मोज्याला घातलेला हार

आमच्याकडे पाहुणे आले आणि जेवणं उरकली, की कोणीतरी हळूच म्हणतं, "ते मोज्याचं सांगा ना." मग माझी बायको भांड्यांचं निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. पण पाणी बंद ठेवून ओट्याशी उभी राहते आणि तिथूनच माझ्या दुरुस्त्या करते. हे लिहिताना ती माहेरी गेलेली आहे. त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या आतल्या अंगाला एक बर्फाचा कारखाना आहे. मी तिथे सेफ्टी ऑफिसर आहे. बर्फाच्या कारखान्यात कसली आलीय सेफ्टी, फार तर कोणाला सर्दी होईल, असं लोकांना वाटतं. पण पाण्याचा बर्फ व्हायला अमोनिया लागतो. आमच्याकडे तो एका जाड लोखंडी टाकीत, दाबाखाली, पातळ होऊन मुकाट पडलेला असतो. फट मिळाली की वायू होऊन निघतो आणि ओल शोधत जातो. माणसाच्या अंगात ओल कुठे? डोळ्यांत, नाकात, घशात, छातीत. तिथे तो कळीच्या चुन्यासारखा भाजतो. नव्या कामगारांना हे मी फळ्यावर माणसाचं चित्र काढून शिकवतो. तो माणूस हुबेहूब तुमच्यासारखा दिसतो, असं ते म्हणतात, कारण त्याचे डोळे भीतीने मोठे झालेले असतात. मालकांनी मला हे काम दिलं तेच मुळी या गुणावर. ते म्हणाले, तुला झुरळाचीसुद्धा भीती वाटते, तर हे खातं तूच सांभाळ.

खरं सांगायचं तर मला त्या जागेचा लळा आहे. आत, जिथे लाद्या गोठतात, तिथे भर दुपारीही पहाट असते. लाकडी झाकणांखाली खारं पाणी सावकाश फिरत असतं, आणि लादी साच्यातून सुटून वर येते तेव्हा तिच्या पोटात अडकलेले बुडबुडे एखाद्या झोपलेल्या माणसाचा श्वास थिजावा तसे दिसतात. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रिक्षांची टपं तापवत असतं आणि आत मी माझ्याच तोंडाची वाफ बघत उभा. कितीदा तरी वाटतं, आपण जागे नाहीच, कुणाच्या तरी स्वप्नात ड्यूटीवर आहोत.

आमच्या छपरावर एका नळीला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची कापडी पिशवी लावलेली आहे, दोन्ही तोंडं उघडी. वारा जिकडे वाहतो तिकडे ती फुगून पडते. गळती झाली तर माणसांनी कुठल्या दिशेला जायचं, ते तिच्याकडे बघून ठरतं. तिला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण कारखान्यात सगळे तिला मोजा म्हणतात.

त्या वर्षीच्या दसऱ्याला नेहमीप्रमाणे यंत्रांची पूजा होती. मशिनी थांबवलेल्या, कॉम्प्रेसरला हळदकुंकू, पाइपांना झेंडूच्या माळा, सगळ्यांच्या घरची माणसं जेवायला. आम्ही राहतो तीही कारखान्याच्या मागच्याच चाळीत, त्यामुळे माझी आई सगळ्यांच्या आधी हजर. आई मालवणची. गिरणीत बाबांच्या लूमची पूजा तिने वर्षानुवर्षं बघितलेली. तिला जुना दमा आहे. कमरेला पिशवी, पिशवीत पंप, आणि पंप आहे हे कोणी म्हटलं तर राग. तिने सगळीकडे फिरून विचारणा केली. कॉम्प्रेसर कुणाचा? मोठ्या ऑपरेटरचा. क्रेन कुणाची? अमक्याची. मग ती माझ्याकडे वळली.

"आणि माझ्या झिलाचा हत्यार खंयचा?"

मी फळा दाखवला असता तर बरं झालं असतं. पण चारचौघांत जरा ऐट करावीशी वाटली आणि मी छपराकडे बोट केलं. आई बराच वेळ वर बघत राहिली. सगळ्यांच्या यंत्राला हार आणि तिच्या मुलाच्याच नाही, हे तिला बघवेना. तिने वॉचमनला शिडीवर चढवलं आणि उरलेल्या झेंडूच्या सगळ्या माळा मोज्याला बांधायला लावल्या, शेवटी आंब्याच्या टहाळ्यासकट. मी म्हणालो, आये, तो हलका राहायला हवा गं. ती म्हणाली, देवाच्या फुलांचं कधी ओझं होतं का. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी नमस्कार केला. संध्याकाळी उतरवू, असं मनात ठरवलं. (बायको इथे दर वेळी स्वयंपाकघरातून म्हणते, "नमस्कार नाही, फोटो काढून घेतला." बरं, फोटोही काढला.)

दुपारी जेवणं झाली, मंडळी पांगली, मशिनी पुन्हा सुरू केल्या. आई चाळीत घरोघर सोनं द्यायला निघून गेली. उन्हं कलायला लागली होती. मी पोटभर श्रीखंड खाऊन खुर्चीत डोळे मिटून बसलो होतो, आणि तो वास आला. आमच्याकडे थोडासा वास रोजचाच. पण हा वास नव्हता, हा नाकात खुपसलेला खिळा होता.

पूजेसाठी बंद केलेला टाकीवरचा एक मोठा व्हॉल्व पुन्हा उघडताना त्याच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग दबावाला टिकलं नव्हतं. खोलीच्या दारातून पांढरं धुकं बाहेर येत होतं. घाई नाही, आवाज थोडा, साप सळसळावा इतकाच. पायरी उतरलं, अंगणातल्या रांगोळीवरून गेलं, आणि थोडं पुढे जाऊन दिसेनासं झालं. भीतीची गोष्ट तीच. दिसतं तोवर माणूस बाजूला होतो, पुढे नुसती हवा दिसते.

आत जाऊन व्हॉल्व बंद करायचा तर पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर घट्ट मास्क हवा. मास्क दाढीवर बसत नाही, फटीतून वायू आत येतो. हे मीच फळ्यावर लिहिलेलं आहे. आणि आमच्या घरी घट बसतात, नऊ दिवस मी दाढीला वस्तरा लावत नाही, आणि त्या सकाळी पूजेच्या घाईत ती तशीच राहिली होती. तेव्हा मोठा ऑपरेटर आणि त्याचा जोडीदार, दोघेही गुळगुळीत, मास्क चढवून तयार झाले. मोठ्या ऑपरेटरने जाताना माझ्या गालाकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही वारा बघा."

मी वर बघितलं. मोजा मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा मान खाली घालून उभा होता. वारा होता, माझ्या शर्टाला लागत होता, पण आमच्या आवारात तो भिंतीला आपटून चारी बाजूंनी फिरतो. छपरावर तो कुठे जातोय ते फक्त मोजाच सांगणार, आणि मोजा लाजला होता.

मागे चाळ. चाळीला बाहेर पडायच्या दोन वाटा, एक आमच्या फाटकासमोरून रस्त्याला लागणारी, दुसरी मागे शाळेच्या पटांगणात उतरणारी. चुकीच्या वाटेने माणसं काढली तर ती सरळ त्या न दिसणाऱ्या हवेत जातील. आणि त्या माणसांत, कुठल्या खोलीत कोण जाणे, एक बाई हातात पानं घेऊन फिरत होती, जिची छाती फोडणीच्या ठसक्यानेही बंद पडायची. मी जाऊन तिला शोधू शकत नव्हतो. मला तिथे उभं राहायचं होतं. माझं काम तेच होतं, उभं राहणं.

फोन केल्यावर अग्निशमनचा बंब लवकर आला. दसऱ्याचा बंब. समोर झेंडूचे हार, काचेवर गंधाचं स्वस्तिक, आणि दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले. क्षणभर मला वाटलं की ही कुणाची तरी वरात आहे आणि आपण झोपेतच आहोत. बंबावरचे साहेब उतरले आणि पहिलाच प्रश्न विचारला, वारा कुठला. मी वर बोट दाखवलं. त्यांनी बघितलं. हसले नाहीत. मग स्वतःच्या बंबाकडे बघितलं. तो फाटकाबाहेर, मोकळ्या रस्त्यावर उभा होता, आणि टपाच्याही वर गेलेलं केळीचं एक लांब पान एकसारखं एकाच दिशेला फडफडत होतं. कारखान्यावरून, चाळीच्या फाटकाकडच्या टोकाला घासून, रस्त्याच्या कोपऱ्याकडे. म्हणजे फाटकाकडची वाट बंद. शाळेची वाट वाऱ्याला आडवी, मोकळी.

साहेबांनी माणसांना दाराबाहेर पाण्याच्या फवाऱ्याचा पडदा धरायला लावला. अमोनियाला पाणी फार आवडतं, तो त्यात विरघळून खाली बसतो, फक्त सांडलेल्या पातळ अमोनियावर धार मारायची नाही, नाहीतर तो उकळून उठतो. मला त्यांनी कर्णा दिला. लोक तुम्हाला ओळखतात, म्हणाले, तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. नागरिकांना नम्र विनंती करण्यात येते की त्यांनी घाबरून न जाता शाळेच्या मार्गाने सुरक्षित स्थळी प्रस्थान करावे. माझा आवाज चाळीवरून फिरून परत आला. लोक गॅलरीत आले, कठड्याला रेलले आणि ऐकत उभे राहिले. नवरात्रभर चाळीच्या मंडळाचा कर्णा बोलतच होता, नम्र विनंती करतच होता, लकी ड्रॉचे नंबर सांगतच होता. आणखी एक घोषणा. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली ओरडून विचारलं की बक्षीस काय आहे. मी पुन्हा नम्र विनंती केली. दोन पोरी नव्या घागऱ्यात गिरकी घेऊन हसल्या. उन्हाची तिरीप गॅलरीतल्या तोरणांवर पडली होती, सगळं इतकं सुंदर आणि संथ दिसत होतं की माझेच शब्द मला खोटे वाटायला लागले.

मग मला ती दिसली. दुसऱ्या मजल्यावर, फाटकाकडच्या टोकाला, हिरव्या लुगड्यात. माझा आवाज ओळखून शेजारणीला कौतुकाने दाखवत होती, तो बघ, माझा झील बोलतोय. आणि बोलता बोलता तिने पदर नाकाला लावला.

मी कर्ण्यात ओरडलो:

"आये! ओलो टुवाल तोंडार धर आणि शाळेच्या बाजून भायर पड. फाटकाकडे येव नको. सगळ्यांका घेवन चल, आये."

एवढा मोठा माणूस, छातीला बिल्ला, सगळ्या मरोळला ऐकू जाईल अशी आईला हाक मारतो, म्हणजे काहीतरी खरंच झालंय, हे त्या क्षणी सगळ्यांना एकदम कळलं. गॅलऱ्या रिकाम्या झाल्या. नळ सुटल्याचे आवाज आले. ओले टॉवेल, ओढण्या, उशांचे अभ्रे तोंडावर धरून माणसं मागच्या जिन्याने उतरायला लागली, नव्या कपड्यांत, कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी म्हाताऱ्याला धरून. दुरून ती बिनचेहऱ्याची, रंगीत, सावकाश निघालेली एखादी जत्रा वाटत होती. हिरवं लुगडं मात्र मला त्या गर्दीत दिसलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पाण्याच्या पडद्यातून इंद्रधनुष्य पडलं होतं, हे आठवतं. (बायको म्हणते शक्य नाही, सूर्य उलट्या बाजूला होता. ती तेव्हा दादरला सोनं द्यायला गेली होती.) पडद्यातून दोन मास्कवाली माणसं आत गेली, आणि कितीतरी वेळ नुसतं पाणीच पडत राहिलं. मग सळसळ बारीक झाली, आणि थांबली. मोठा ऑपरेटर बाहेर येऊन पायरीवर बसला, त्याच्या हातमोज्यांवर पांढरं हिव जमलं होतं. मी आनंदाने त्याच्याकडे धावलो, म्हणजे पडद्याच्या चुकीच्या बाजूने धावलो. उरलेल्या धुक्याने माझे डोळे पकडले.

कोणीतरी मला हाताला धरून शाळेच्या पटांगणात नेलं. डोळे मिटलेले, आतून मिरच्या लावल्यासारखे. मला आवाज तेवढे ऐकू येत होते. एक बाई म्हणाली, आला गं बाई आयेचा बाळ. दुसरी म्हणाली, उद्यापासून आम्हीपण आमच्या घोवाला कर्णा आणून देतो, निदान मोठ्याने तरी बोलेल. सगळ्या हसल्या. मी विचारलं, आई कुठाय. कोणी उत्तर देण्याआधीच एक हात माझ्या मानेवर बसला आणि मला वाकवून पाण्याच्या नळाखाली घातलं.

"डोळे मिटू नको, मेल्या."

मी उघडले. पाणी थंड होतं. तिने बोटांनी माझी पापणी वर धरली, आधी एक, मग दुसरी, जशी लहानपणी शिकेकाई गेल्यावर धरायची. मी विचारलं, पंप मारलास का, छाती कशी आहे. "गप रव," ती म्हणाली, आणि माझं डोकं आणखी खाली दाबलं. एवढं बोलायलाही तिला मध्ये थांबावं लागलं.

मग मी गप्प राहिलो आणि ऐकायला लागलो. पाण्याच्या आवाजापलीकडे, माझ्या कानाजवळ, तिच्या छातीतली शीळ चालू होती. आत जाताना एक सूर, बाहेर येताना दुसरा. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. पंप एकदा दाबला, थोड्या वेळाने पुन्हा. बायका पांगल्या असाव्यात, पोरं पटांगणात खेळायला लागली होती. माझे डोळे केव्हाच निवले होते. तरी मी नळाखालून मान काढली नाही, तिनेही हात काढला नाही. शीळ हळूहळू बारीक होत गेली, मधेच अडायची, पुन्हा लागायची. मी वाकलेला, कानात पाणी, आणि शीळ पूर्ण थांबून तिचा श्वास सरळ लागेपर्यंत तसाच उभा राहिलो.